पट्टीने मारलेली रेघ

रविवारी सकाळी ग्रंथालयाच्या दारावर निकालाचा कागद लागला होता. विझ्माने तो दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला. 'मायभूमी' पक्षाला स्थानिक परिषदेत एकच जागा मिळाली होती. त्याच यादीतला रायतिस चारशे बारा, विझ्मा चारशे अकरा. बरोबरी झाली असती तर यादीत वर असलेल्या नावाला जागा गेली असती. वर तिचं नाव होतं. आठ वर्षं ती जागा तिचीच होती.

आत मतदानकेंद्राची प्रमुख आउस्त्रा गठ्ठे बांधत होती.

"एका मतानं गेलीस गं," ती म्हणाली. "मला झोप नाही लागली."

"गावातून किती काटा पडल्या मला?"

इथे लाटवियात मतदार पक्षाची यादी लिफाफ्यात घालतो. आवडीच्या नावापुढे अधिकची खूण करतो, नको त्या नावावर काट मारतो. खुणेनं एक मत वाढतं, काटेनं एक घटतं. बाकीच्या गावांतल्या काटा विझ्माने आधीच गृहीत धरल्या होत्या.

"एकच. लोक कसे फराफरा खोडतात, हा पठ्ठ्या चक्क पट्टी घेऊन आलेला. अशी सरळ रेघ मारलीय, खालच्या रायतिसला धक्कासुद्धा नाही." आउस्त्रा हसली. मग तिने विझ्माकडे पाहिलं आणि दोरीची गाठ पुन्हा सोडून बांधायला घेतली.

विझ्मा घरी चालत गेली. वाटेत तिने काही विचार केला असं तिला नंतर आठवलं नाही.

तिचा नवरा इमांत्स सुतार होता. भिंतीवर कॅलेंडर टांगायचं तरी आधी पेन्सिलीने रेघ मारणारा. वसंतात पक्षाने वृद्धाश्रमातल्या नोकरांची लाटवियन भाषेची प्रमाणपत्रं तपासायला लावली होती. कागद विझ्मानेच पाहिले. दूध डेअरीच्या प्रयोगशाळेत तिची तीस वर्षं गेली होती. नमुना पास असतो नाहीतर नापास. तिथल्या ल्युदमिलाला दोन गुण कमी होते. तिची नोकरी गेली. इमांत्सच्या आईला शेवटची चार वर्षं तिनेच आंघोळ घातली होती, रशियन गाणी म्हणत.

"ती आईला आंघोळ घालायची, भाषणं नव्हती देत," इमांत्स तेव्हा जेवताना म्हणाला होता.

"नियम सगळ्यांना सारखा."

त्याने चमचा उचलला होता. विषय संपला, असं विझ्माला वाटलं होतं.

आज तो अंगणात दंताळं घेऊन तयार उभा होता. रविवारी ते आईच्या थडग्यावर जात.

"कळलं?" त्याने विचारलं.

"एका मतानं."

"हं," तो म्हणाला.

दफनभूमीत थडग्याभोवतीची वाळू आधीच दंताळ्याने विंचरलेली होती. समांतर रेघा, एकही पाऊल नाही. विंचरणारा आपली पावलं पुसत मागे मागे सरकत बाहेर गेला होता, जसे इथे सगळेच जातात. नवी बेगोनियाची रोपं लावलेली होती, मुळाशी ओल होती.

"ल्युदमिला येऊन गेली वाटतं," इमांत्स म्हणाला. "दर शनिवारी येते."

"मला नव्हतं माहीत."

"तू शनिवारी सभांना असायचीस."

वाऱ्याने बर्चची दोन पानं वाळूवर पडली. ती उचलायला आत पाय टाकावा लागला असता. दोघंही कडेला उभी राहिली.

"पट्टी आहे का रे जवळ?" विझ्माने विचारलं.

"खिशात आहे."

"नेहमी असते?"

"नेहमी."

बराच वेळ ती त्याच्या खिशाकडे पाहत राहिली. पट्टीचं पिवळं टोक बाहेर आलेलं होतं.

"बीटचं सूप केलंय," ती शेवटी म्हणाली. "बटाटे तेवढे उकडायचेत."

"मी उकडतो."

दंताळं न वापरताच ती दोघं फाटकाकडे निघाली.