बाबांच्या लॅपटॉपमध्ये काय घालायचं

बाळ झोपल्याझोपल्या सूनबाईने लॅपटॉप चालवणारं लिनक्स नव्याने तयार करायला घेतलं. सासऱ्यांचा लॅपटॉप म्हातारा, त्यात जागा जेमतेम. म्हणून जास्तीच्या साधनांची यादी उघडून ती एकेका नावापुढची खूण काढत सुटली. प्रिंटरचं काढलं, घरात प्रिंटर होता कुठे? ब्लूटूथचं काढलं. तापमान दाखवणारं मात्र राहू दिलं. न जाणो, तापलाबिपला तर!

मग यादीत ते एक आलं: चुकून लागोपाठ दाबली गेलेली कळ एकदाच मोजणारं. तिचा हात थबकला.

सासऱ्यांनी तीस वर्षं टायपिंग शिकवलं होतं. हल्ली त्यांचं एकेक अक्षर तीन-तीनदा उमटायचं. "यंत्र कामातून गेलंय," ते म्हणायचे. त्यांची थरथरणारी बोटं सगळ्यांना दिसायची, बोलायचं कुणीच नाही. बहिणीला पत्र लिहिणंही त्यांनी सोडून दिलं होतं.

"घालून टाक," भाजी निवडता निवडता सासूबाई पुटपुटल्या. "पण त्यांना सांगू नकोस, बाई. यंत्रावर खापर फुटतंय तेच बरं."

तिने खूण केली. एकदा दाबल्यावर कळ किती वेळ बहिरी राहणार, तो आकडाही काळजीपोटी जरा जास्तच ठेवला.

संध्याकाळी सासरे ताठ बसून टाइप करू लागले. ओळ स्वच्छ उमटली. दुसरीही.

"बघा, यंत्राचाच दोष होता," सासूबाई घाईघाईने म्हणाल्या.

एकच कळ सासऱ्यांनी मुद्दाम दोनदा दाबली. पडद्यावर अक्षर एकच. पुन्हा दाबली, पुन्हा एकच.

"सूनबाई, यात काय घातलंयस?"

"बाबा, ते... अगदी लहानसं आहे. एकदा दाबलेली कळ जरा वेळ पुन्हा मोजत नाही. नको असेल तर काढते."

"शेकडो पोरांचे हात बघितलेत मी. माझेच मला कळत नसतील?" मग सासूबाईंकडे वळून, "आणि तू? भाजी निवडत होतीस की कट शिजवत होतीस?"

"दोन्ही," सासूबाई म्हणाल्या.

ते हसले. "काढू नकोस, पोरी. वेळ तेवढा कमी कर. एवढा काही मी वाया गेलेलो नाही."

ती शेजारी बसली. ते कळ दाबायचे, ती आकडा घटवायची. चौथ्या खेपेला मुद्दाम दाबलेली दोन्ही अक्षरं उमटली. थरथर मात्र बाहेरच राहिली.

"हां, इथे ठेव," म्हणत त्यांनी लिहायला घेतलं: ताई, पत्राला उशीर झाला. हल्ली माझे हात थरथरतात.