बॉनेटखालचं नवं

ड्रॉवरमधून स्क्रूड्रायव्हर ओढताना चमचा फरशीवर पडला आणि दुपारची शांतता खणकन मोडली. श्रद्धा होती तशी थांबली. आतल्या खोलीत समिधाने कूस बदलली, अंगठा पुन्हा तोंडात घातला आणि झोपली. लेकीची झोप म्हणजे श्रद्धाच्या दिवसातला स्वतःचा असा एवढाच वेळ. ती चवड्यांवर चालत मागच्या दाराने गोठ्यात गेली.

गोठ्यात आता बैल नव्हते. एका बाजूला नव्या भाताचा पेंढा आढ्यापर्यंत रचलेला, दुसऱ्या बाजूला तिची गाडी. जुनी, पण तिची. सोमवारपासून ती खोपोलीच्या एका कारखान्यात लॅबमध्ये कामाला लागणार होती. समिधाला अजून कुणी काही सांगितलं नव्हतं. सकाळच्या पाळीला लोधिवलीहून वेळेवर काही मिळत नसे, त्यामुळे गाडीशिवाय नोकरी नाही. आणि गाडीचा तर पिकअपच गेला होता. पाय दाबावा, इंजिनाने दमेकऱ्यासारखी धाप टाकावी आणि गाडीने मात्र रमतगमत निघावं. शनिवारी हायवेला लागताना मागून आलेल्या टेंपोवाल्याने कसंबसं तिला चुकवलं होतं. ते ऐकून नवऱ्याचा, किरणचा, पुण्याहून फोन आला होता. "ही गाडी हायवेला न्यायची नाही. त्यांना सांग, नंतर येते." पण ती जागा नंतरपर्यंत थांबणारी नव्हती.

सासरे, सहदेव, बॉनेट उघडून आधीच उभे होते.

"उठली काय पोर?"

"नाही. हळू बोला, बाबा."

"मी हळूच बोलतोय. भांडी तू पाडतेस."

श्रद्धाने गॅरेजवाल्या कमलेशला फोन लावला. पलीकडे बँड वाजत होता.

"वहिनी, रेस दिल्यावर इंजिन नुसतं ओरडतं आन् गाडी मागं राहते, असं हाय काय?"

"नाही रे. इंजिनच ओरडत नाही. नाक दाबल्यासारखं करतं."

"मग क्लच नाय. त्याला हवा मिळत नाय. एअर फिल्टरचा डबा उघडा, काळा हाय बघा, क्लिपा लावलेला. मी लग्नात हाय, नायतर आलोच असतो."

"जेव रं निवांत," सहदेव फोनपाशी वाकून म्हणाले. "आमच्या वाटची जिलबी पण खा."

क्लिपा घट्ट बसल्या होत्या. सहदेवांनी बॅटरीचा उजेड धरला, श्रद्धाने एकेक क्लिप उचकटली. शेवटचीला हात घालताना बोटांना काहीतरी खरखरीत लागलं. डब्यामागच्या नळीला सुतळीने बांधलेली एक जुडी होती. आंब्याची वाळलेली पानं आणि त्यांत भाताच्या काड्या. लोंब्यांवर दाणा एक उरला नव्हता.

दसऱ्याचं नवं. नव्या भाताच्या लोंब्या सहदेव दाराला, विहिरीला, कोयत्यालासुद्धा बांधत. यंदा गाडीला काही दिसलं नाही आणि श्रद्धाने विचारलंही नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशीच तिने नोकरीचं सांगितलं होतं, आणि ते ऐकून सहदेव जेवण अर्धवट टाकून ताटावरून उठले होते. त्यानंतर कुणीच तो विषय काढला नव्हता.

"बाबा, हे?"

सहदेवांनी बॅटरी उगाचच पेंढ्याकडे वळवली.

"बाहेर बांधलं तर हायवेला वाऱ्यानं उडून जातं. म्हटलं आत राहील. तू येकटी जाणार-येणार रोजची."

श्रद्धाने सुतळी सोडून जुडी हातात घेतली.

"तुम्ही तर उंदरांना जेवायला बोलावलंत."

"आता मला काय ठावं, त्यांना पण गाडीत बसायची हौस हाय ते!"

तिने तोंडावर हात दाबला, तरी हसू फुटलंच. जुडी तिने टाकली नाही. गाऊनच्या खिशात सरकवली आणि डब्याचं झाकण उचललं.

आत पेंढा गच्च भरलेला होता. भाताची टरफलं, कुरतडलेला कागद, समिधाच्या हरवलेल्या टोपीची गुलाबी लोकर. आणि त्या लोकरीत घेवड्याच्या दाण्याएवढी, डोळे मिटलेली, एकमेकांना चिकटलेली पिल्लं.

"अरे द्येवा," सहदेव हलक्या आवाजात म्हणाले. ते सूप घेऊन आले. दोघांनी मिळून सगळं घरटं न मोडता अलगद सुपात उतरवलं.

श्रद्धाने नळी मोकळी केली, डबा पुसला. फिल्टरची एक कड कुरतडली होती. नवा उद्या आणता आला असता. आजच्यापुरता तोच झटकून बसवला आणि चावी फिरवली. गोठ्यासमोरच्या चढावर तिने ॲक्सिलरेटरवर पाय ठेवायचा अवकाश, गाडी अशी उसळली की सहदेव धोतर सावरत बाजूला झाले.

"अगं, अगं! मला घेऊन जातेस काय खोपोलीला?"

ती हसतच गाडी मागे घेऊन आली आणि समोर पाहिलं तर मागच्या दारात समिधा. झोपेने गाल लाल, पाय अनवाणी. ती सरळ सुपापाशी जाऊन उकिडवी बसली.

"ही कोणाची बाळं?"

"उंदराची," श्रद्धा खाली उतरून तिच्याजवळ आली.

"त्यांची आई कुठाय?"

श्रद्धाने सहदेवांकडे पाहिलं. ते पाठमोरे होऊन पेंढा सारखा करू लागले होते.

"गेली असेल बाहेर. खायला आणायला. येईल."

"गाडीतच येईल ना? तिचं घर तिथेच आहे."

"हो."

समिधाने एक बोट पिल्लांच्या वर धरलं, टेकवलं नाही. इंजिन अजून चालूच होतं, छान एका लयीत.

"मग आई, ती आल्यावर तिला कोण सांगणार, बाळं कुठे आहेत ते?"