हंड्यातला समुद्र

या, असे जवळ सरका. कीर्तनाचे बुवा यायला अजून अवकाश आहे, तोवर संगमनेरच्या एका संसाराची गोष्ट सांगतो. हसत घरी जाल असं वचन देत नाही, पण ऐकल्यावर ती तुमची होईल एवढं खरं.

प्रभुदास एस.टी.चा ड्रायव्हर, संगमनेर–मुंबई गाडीवर. बायको रेबेका मूळची वेंगुर्ल्याची, तिथल्या दवाखान्यात नर्स होती. लग्न होऊन घाटावर आली. नवी असताना प्रवरेच्या काठी उभं राहून तिनं नवऱ्याला विचारलं होतं, "हिला लाटा नाहीत का हो?" तेव्हा दोघंही पोटभर हसली होती. पुढे हसायचे दिवस सरले. दोन लेकरं जन्मताच गेली. तिसरी दया. ती पाळण्यात आईकडे बघून हसायला लागली, आणि एका तापात तीही गेली. त्यानंतर रेबेका स्वयंपाक करी, धुणं धुई, पण बोलेना. चर्चच्या कीर्तनात पहिल्या रांगेत झांज धरणारी बाई दारापर्यंतही येईना.

डॉक्टरीणबाई प्रभुदासला म्हणाल्या, "ह्याला औषध नाही. जीव गुंतेल असं काहीतरी घरात आणा. जिवंत असावं, पण रडणारं नको."

मुंबईत मंडईजवळ एका म्हाताऱ्याचं काचेच्या हौदांतल्या माशांचं दुकान होतं. सगळे त्याला चाचा म्हणत. प्रभुदास तिथं जाऊन उभा राहिला.

"गोड्या पाण्याचे ने," चाचा म्हणाला. "हे गप्पी ने. नदीचं पाणी घाल, चिमूटभर खाणं टाक. मारतो म्हटलंस तरी मरायचे नाहीत."

प्रभुदासची नजर मात्र कोपऱ्यातल्या हौदावर. पिवळ्या अंगावर काळे पट्टे असलेले चार मासे तिथं फिरत होते.

"ते समुद्राचे. त्यांच्या वाटेला जाऊ नकोस, बेटा. पाणी जरा बिघडलं की सकाळी उताणे. दर्या दारात असून मला ते जपवत नाहीत, तू डोंगरापलीकडं नेऊन काय करणार?"

गाडीवर त्याचा कंडक्टर छगन. त्याला तर ऐकूनच हसू आवरेना. "आरं, प्रवरामाई दारातनं वाहतीया आन् तू पानी मुंबईहून आननार? सासुरवाडीचं पानी लोकांना गोड लागतं, तुजं खारट निघालं व्हय!"

"गप्पी काय, कुनाच्याबी घरी जगत्याल," प्रभुदास म्हणाला. "तिच्या गावचं कायतरी पायजे."

अक्कल गोड्या पाण्याकडे ओढत होती, माया खाऱ्या पाण्याकडे. माया जिंकली. लोखंडी पट्ट्यांचा काचेचा हौद बनवून घेतला, हवेचा लहान पंप घेतला, आणि खेपेखेपेला प्लास्टिकच्या कॅनमधून समुद्र मागच्या सीटखाली बसून घाट चढू लागला. "ह्याचं हाफ तिकीट फाडू का?" असं छगन रोज विचारी, पण कॅन सांडू नये म्हणून वळणावर पाय लावून बसणारा तोच.

मासे घरी आले तेव्हा रेबेका भांडी घाशीत होती. राखेचे हात तसेच घेऊन ती काचेपाशी आली.

"हे तर आमच्या खडकांतले," ती म्हणाली. "ओहोटी लागली की डबक्यात अडकून राहायचे. आम्ही पोरं ओंजळीनं परत सोडायचो."

एवढी वाक्यं एका दमात प्रभुदासनं कितीतरी महिन्यांनी ऐकली. तो बाहेर ओट्यावर जाऊन बसला आणि त्यानं देवबापाचे आभार मानले.

मग घराचा रंगच पालटला. रेबेका काच पुशी, माशांना रागे भरी, एकाला 'हावरट' म्हणे. एका रविवारी कीर्तनालाही आली, आणि ध्रुपदाला तिचे ओठ हललेले सगळ्या मंडळीनं पाहिले. प्रभुदास कसारा घाटात गाडी चालवता चालवता गाऊ लागला.

चाचानं बजावलं होतं, की थोडं थोडं पाणी बदलत जा, आणि नवं पाणी आधी भांड्यात निवळू दे, गाळ खाली बसू दे. एका खेपेचा कॅन घरात ठेवून प्रभुदास लगेच ड्युटीवर गेला. रेबेकानं कॅनचा वास घेतला. तिला तो आवडेना. तिच्या आईनं लग्नात दिलेला तांब्याचा हंडा होता. तो तिनं माळ्यावरून काढला, चिंचेनं घासून लख्ख केला, त्यात ते पाणी ओतलं आणि वरून धुतलेलं फडकं बांधलं.

शेजारच्या रंगूबाई म्हणाल्या, "बाई गं, माशास्नी तांब्याचा हंडा?"

"तांब्यातलं पाणी शुद्ध असतं ना हो. त्यांना चांगलं मिळू दे."

पाणी दोन दिवस निवळलं. मग तिनं ते हलक्या हातानं हौदात ओतलं.

प्रभुदास परतला तेव्हा ती हौदासमोर बसली होती. चारही मासे उताणे तरंगत होते.

"मी काहीसुद्धा केलं नाही हो," ती म्हणाली. "फक्त चांगल्या भांड्यात ठेवलं."

पुढच्या खेपेला चाचाचा पहिला प्रश्न हाच, "पाणी कशात ठेवलं होतंस?" उत्तर ऐकून त्यानं कपाळावर हात मारला. "तांबं खाऱ्या पाण्यात उतरतं, बेटा. ह्या माशांना ते जहर. नदीचं गोडं पाणी असतं तर एवढं उतरलंही नसतं."

परतीच्या वाटेवर छगननं एकदाही चेष्टा केली नाही. इगतपुरीला चहा घेताना एवढंच म्हणाला, "वैनीस्नी खरं सांगू नगंस, प्रभुदास. मोडंल ती."

उभ्या जन्मात प्रभुदास खोटं बोलला नव्हता. घरी येऊन बोलला. "कॅनला डिझेल लागलं हुतं. चूक माजी."

रेबेकानं हातातलं काम बाजूला ठेवलं. "दवाखान्यात मी मोरचूद हाताळलंय हो, तांब्याचंच असतं ते. हंडा आतून हिरवा झालेला मला दिसला नाही असं वाटलं तुम्हांला? तुम्ही ह्या खेपेहून परत यायच्या आधीच मला कळलं होतं." मग हळूच म्हणाली, "खोटं बोलू नका. तुमच्या तोंडी शोभत नाही."

"रेबेका, त्यात तुजा दोष न्हाई."

"दोष कुठं म्हणते मी? हातच तसा आहे माझा. जिथं लागतो तिथलं जातं."

तो पुष्कळ बोलला. पाळक येऊन प्रार्थना करून गेले. तिनं सगळ्यांचं ऐकून घेतलं, सगळ्यांना चहा दिला.

अखेर प्रभुदासनं तोच हौद धुऊन प्रवरेचं पाणी भरलं आणि गप्पी आणून सोडले. चाचाचं बोलणं खरं ठरलं. ते मरेनात. त्यांना पिलं झाली, पिलांना पिलं झाली. डोळ्यांएवढे जीव काचेमागे नुसते लुकलुकत होते.

"बघ तरी, किती झालीत," तो म्हणाला.

"तुम्हीच बघा. खाणंही तुम्हीच घाला."

हौदावरून जावं लागलं तर ती दोन्ही हात पदराखाली घेते आणि भिंतीच्या कडेनं जाते. कोणी तान्हं लेकरू पुढं केलं तर मागं सरते. खाऱ्याऐवजी गोडं पाणी आधीच आणलं असतं तर, हा विचार प्रभुदास गाडी चालवताना करतो, आणि घाटात आता गात नाही. कीर्तनाला येतो तोही एकटाच.

बाबांनो, आयांनो, ह्यापुढं गोष्ट नाही. देव काय करील ते मला ठाऊक नाही, आजवर काही केलेलं दिसलं नाही. पण आज प्रार्थनेला डोळे मिटाल तेव्हा आपापल्या घरच्यांबरोबर रेबेकाचंही नाव घ्या. ती स्वतः प्रार्थनेला हात जोडत नाही. तेवढे तिच्यासाठी तुम्ही जोडा.