राजाचं पोट

मित्रांनो, मी एक जुनी उशी आहे. पण हुद्द्यानं पोट आहे.

मी तयार झाले तेव्हा कापूस पिंजणाऱ्या काकांनी मला दोनदा थोपटलं आणि "हिच्यावर झोप छान लागेल" असा आशीर्वाद दिला. तो काही फळला नाही. शाळेत आजारी मुलांच्या खोलीत माझी नेमणूक झाली, आणि तिथे एकही मूल झोपलं नाही. गणिताचा तास संपला की सगळी खडखडीत बरी होत.

पुढे इतिहासाच्या सरांनी मला उचललं. दर वर्षी शाळेत 'बोलके पुतळे' असतात. मुलं थोर माणसांचे वेष करून निश्चल उभी राहतात. समोरचं लाल कागदी बटण दाबलं की पुतळा आपली हकिकत सांगतो. सरांच्या मते जुनी थोर माणसं पोटानंही थोर होती. त्यामुळे मी आजवर तीन राजांचं, दोन सेनापतींचं आणि एका खगोलशास्त्रज्ञाचं पोट झाले. उरलेलं वर्षभर मी कपाटात, पृथ्वीच्या गोलाखाली असते. जगाचा भार म्हणतात तो हाच.

यंदा कालवा खोदणाऱ्या राजाचं काम खिदळीकडे आलं. तिचं खरं नाव हजेरीपटात असेल. गेल्या वर्षी शाळेच्या नाटकात राणी होऊन मरणशय्येवर पडली असताना ती इतकी हसली, की शेजारी रडणारा प्रधानही हसून लोळला.

"या वेळी हसलीस, तर पुढच्या वर्षीपासून फक्त खुर्च्या मांडायच्या," सर म्हणाले.

"नाही हसणार, सर," ती म्हणाली. हसतच.

कार्यक्रमाच्या दिवशी नाडीनं मला तिच्या पोटावर बांधलं. मित्रांनो, हसू ओठांवर यायच्या आधी पोटात उठतं, आणि मी तर पोटाला चिकटूनच. मला सगळं आधी कळत होतं. मुख्याध्यापिकाबाईंनी बटण दाबलं. तेवढ्यात खिदळीचा धाकटा भाऊ पुढे घुसला.

"ताई, तुझी मिशी एका बाजूनं चढावर निघालीये!"

पोट थरथरलं. खिदळीनं श्वास रोखला, पोट पार आत ओढलं. म्हणाली, "मी राजा. माझ्या राज्यात दुष्काळ पडला..."

आणि मी पडले. झग्याखालून, थेट बाईंच्या पायांशी.

"राजाचं पोट पडलं!" भाऊ ओरडला.

खिदळीनं माझ्याकडे पाहिलं. क्षणभर मला वाटलं, गेली ही खुर्च्या मांडायला. पण ती भारदस्त आवाजात म्हणाली, "प्रजा उपाशी असताना राजाचं पोट जागेवर राहील कसं? कालव्याला पाणी येईपर्यंत ते तिथेच राहू दे."

सगळं सभागृह हसलं. सरांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. हसली नाही ती एकटी खिदळी.

"सर, राजानं जेवण सोडलं होतं?" बाईंनी विचारलं.

"पुस्तकात नाही, बाई," सर म्हणाले. "पण जेवला असंही कुठे लिहिलेलं नाही."

खिदळीनं कालवा पुरा केला, पाणी सोडलं, मला उचलून झटकलं आणि काखोटीला मारून डौलात पडद्याआड गेली. तिथे मात्र तिनं माझ्यात तोंड खुपसलं आणि अशी हसली, की माझा बसलेला कापूस जागचा हलला.

मित्रांनो, जुन्या उशीला अधूनमधून ऊन दाखवा, तिचा कापूस पिंजून घ्या, नाडी बदला. आणि कुणाला हसू आवरत नसेल तर दटावू नका. तोंड खुपसायला उशी द्या.