अंगानं भरण्याआधी

मित्रांनो, मी एक गाय आहे. म्हातारी नाही, पहिलटकरीण आहे. पण आज मी गोठ्यात आडवी पडले आहे, कारण माझ्या मागच्या पायांत जीव उरलेला नाही.

मी जन्मले तेव्हा आत्यानं मला गोणपाटानं खसाखसा पुसलं आणि आईचा चीक पाजला. आत्या म्हणजे आमच्या मालकाची आत्या. वासरांचं सगळं तीच बघायची. पुढे मला हगवण लागली, डोळे खोल गेले. मालक म्हणाला, "ही काही हाती लागत नाही." आत्यानं मात्र मीठ-साखरेचं पाणी घोटघोट पाजून मला जगवलं. मी वाचले, पण वाढ खुंटली. बरोबरीच्या कालवडी थोराड दिसू लागल्या आणि मी आपली मूठभर.

तरीही मी माजावर आले. मालकाला घाई झाली.

"आत्या, भरवून टाकू हिला."

"अरे, अंगानं भरू दे आधी! एवढ्याशा कमरेतून वासरू बाहेर कसं येणार?"

"माजावर आली म्हणजे तयारच झाली ना?"

आत्यानं निक्षून नाही सांगितलं. मग ती डोळ्याच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे गेली. परतली तेव्हा मी गाभण होते. त्या दिवशी ती थेट गोठ्यात आली. नुसती माझी पाठ खाजवत बसली.

वेणा सुरू झाल्या. वासराचे पाय दिसले आणि डोकं अडकलं. मालकानं गड्यांना घेऊन दोर लावून ओढलं. मी हंबरडा फोडला, मग तेवढंही त्राण राहिलं नाही. डॉक्टर येईपर्यंत उशीर झाला होता. वासरू निघालं, पण हललं नाही. आत्यानं ते माझ्या तोंडाशी ठेवलं. ते ऊबदार होतं. मी चाटत राहिले. चाटता चाटता ते गार झालं.

"नसा दबल्यात," डॉक्टर म्हणाले. "उठली तर उठली."

मी रोज धडपडते आणि कोसळते. काल मालक जवळ येऊन उकिडवा बसला.

"आत्या, तुझं ऐकायला हवं होतं गं."

"मला कशाला सांगतोस? तिला सांग."

त्याला माझ्याकडे बघवलं नाही.

मित्रांनो, माझं आता काही खरं नाही. पण पलीकडे माझी धाकटी बहीण बांधली आहे. आज ती पहिल्यांदाच माजावर आली. तीही लहानखुरीच आहे. मालक तिच्यापाशी उभा आहे, आणि आत्या बोलून बोलून थकली आहे. तुम्ही तरी त्याला सांगा, थांब म्हणावं. मी हंबरते आहे, पण त्याला वाटतं, मला तहान लागली आहे.