एक बेड, दोन पाळ्या

सुरतच्या बमरोलीत योगेंद्रचं शेड आहे. आधी तो पाणीपुरीच्या लाऱ्या, म्हणजे हातगाड्या, बनवायचा. आता लोकांना फिरायला गाड्या करून देतो, आत बेड, ओटा, संडास, सगळं. त्याच्या मते काम तेच. लारीत माणूस बाहेर उभा राहून खातो, इथे आत झोपतो.

सुकदेव आणि पंडित त्याच्यासमोर उभे होते. दोघे लिंबायतचे, दोघांचा जन्म एकाच पॉवरलूमच्या खात्यात, मागांच्या कारखान्यात, गेलेला. सुकदेवची बायको रंजना फाल्गुनात वारली. गाडीने हिमाचलात जाऊन बर्फ बघायचा हे तिनेच ठरवलं होतं. ती गेली, ठरलेलं राहिलं. घाटात एकट्याने गाडी चालवायची सुकदेवची छाती नव्हती, म्हणून पंडित बरोबर येणार होता.

"आज काय ते सांगा, काका," योगेंद्र म्हणाला. शेडमध्ये एक छोटी व्हॅन होती आणि एक शाळेची जुनी मिनीबस. "मिनीबस बघायला संध्याकाळी दुसरं गिऱ्हाईक येतंय. आणि व्हॅनचा पत्रा एकदा कापला की मी परत जोडणार नाही."

"व्हॅन," सुकदेव म्हणाला. "एक बेड."

"माणसं दोन ना?"

"दोन. एक चालवेल, एक झोपेल."

योगेंद्रने पंडितकडे पाहिलं. पंडितने छपराकडे पाहिलं.

सुकदेवला यात वावगं काही दिसत नव्हतं. तो कायम रात्रपाळीला. रंजना दिवसा साड्यांना लेस लावायच्या कारखान्यात. खोलीत एकच लोखंडी पलंग, मुलं खाली. सकाळी तो कामावरून यायचा तेव्हा ती उठायची, आणि तो तिच्या जागेवर आडवा व्हायचा. पंचाईत फक्त सुट्टीच्या दिवशी व्हायची. मग कोणीतरी एक खाली झोपायचं. व्हॅनमध्येही एकच बेड हा रंजनाचा हिशोब होता. दुसरा रिकामाच राहील, म्हणाली होती.

"हीटर?" योगेंद्रने विचारलं.

"नको."

"काका, तिथं रात्री बाटलीतलं पाणी गोठतं. डिझेलवरचा बसवतो. टाकीतून नळी घ्यायची, खाली भोक पाडायचं, धूर बाहेर. आतला माणूस गुदमरत नाही."

"मला अंथरुणात थंडी वाजत नाही. कधीच वाजली नाही."

"सुरतमधे कोणाले वाजस?" पंडित म्हणाला.

योगेंद्रने वाद घातला नाही. व्हॅनमध्ये प्लायवूड टाकलं, वर गादी अंथरली आणि लांबी पुरते का बघा म्हणाला. पंडित उंच, म्हणून तो आधी झोपला. म्हणजे खरोखरच झोपला. बाजूला ग्राइंडर सुरू होता आणि खात्यातल्या माणसाला तेवढ्या आवाजात छान झोप लागते. ग्राइंडर बंद झाला तसा तो दचकून उठला.

"माप बराबर शे," तो खाली उतरत म्हणाला.

मग सुकदेव आडवा झाला. पाठीखाली गादी गरम होती. त्याने डोळे मिटले, कुशीवर वळला, गुडघे पोटाशी घेतले. थोडा वेळ तसाच राहिला. मग उठला आणि व्हॅनमधून खाली उतरला.

"मिनीबस घेऊ," तो म्हणाला. "दोन बेड."

"काय व्हयनं रे? मी काय इतला घाण शे का?"

"नही. तू गरम शे."

"जित्ता माणूस गरमच राही ना भो! थंडा पाहिजे व्हता तर—" आणि पंडितने जीभ चावली.

सुकदेवला राग आला नाही. "डोळा मिटला आणि वाटलं, ती आत्ताच उठून चहा ठेवायला गेलीय," तो म्हणाला. "मी वाट बघत पडलो होतो, पंडित. कपाची. रोज असं व्हायला लागलं तर मी घाटात गाडी कशी चालवू? दोघं दरीत जाऊ."

"मग राहू दे," पंडित म्हणाला. "जायलाच पाहिजे असं थोडंच आहे?"

"जायचंय. दोन बेड केले तर जायचंय."

"बस लिंबायतच्या गल्लीत वळणार नाही, काका," योगेंद्र म्हणाला.

"गोडादऱ्याला मना साडूना दारमा लावू," पंडित म्हणाला. "तो काय मरस!"

"बेड वर-खाली करू? जागा वाचते."

"वर-खाली नको. एक पुढे, एक मागे. मधे ओटा. आणि माझ्या बेडवर कोणी बसायचंही नाही."

"आनि मना बेडवर?"

"तुझं तू बघ."

योगेंद्रने मिनीबसखाली वाकून खडूने एक गोल काढला. "मग हीटरचं भोक इथे पाडतो. झोपायच्या आधी थोडा वेळ लावून ठेवायचा, काका. अंथरूण गरम मिळेल."

"आधी नाही," सुकदेव म्हणाला. "थंड अंथरुणात शिरेन. मग लावेन."

"आन मी तोवर कुडकुडू?" पंडित म्हणाला.

"तू आधी झोप. तुला काय, कुठेही झोप लागते."

योगेंद्रने बटण कुठे हवं ते विचारलं. सुकदेवने त्याला आपल्या बेडच्या उशाशी, झोपल्या झोपल्या हात पोचेल असं लावायला सांगितलं.