दिशाची चौथी पातळी

माझ्या नणंदेला विमान उडवता येतं हे वाडीत सगळ्यांना माहीत होतं. इंग्रजीत ती तिसऱ्या पातळीवर अडकली होती, हे मात्र फक्त मला.

दिशा न्यूझीलंडला एका वृद्धाश्रमात नर्स आहे. तिथल्या एका आजोबांनी तरुणपणी शेतांवर खत टाकायची विमानं उडवली होती. त्यांच्या गोष्टी ऐकता ऐकता हिला नाद लागला. चार वर्षं तिनं आपल्या सुट्ट्या गावाबाहेरच्या गवताच्या धावपट्टीवर काढल्या. लेखी परीक्षा झाली, उड्डाणाची झाली. खासगी वैमानिकाचा परवाना हातात यायला एकच कागद उरला, रेडिओवर इंग्रजीत नीट बोलता आणि समजून घेता येतं याचा दाखला. पातळ्या सहा, निदान चौथी हवी. उच्चार, व्याकरण, शब्द, ओघ, आकलन, संवाद असं सगळं वेगवेगळं तपासतात, आणि त्यातला सगळ्यात कमी आकडा तोच तुमचा. दिशाला बाकी सगळीकडे चार नाहीतर पाच. संवादात तीन. म्हणजे तीनच.

दिवाळी झाल्यावर ती तीन आठवड्यांसाठी वरंधच्या वरच्या आमच्या वाडीत आली, ती पुन्हा द्यायची परीक्षा घेऊनच. ऑनलाइन होती.

"वहिनी, तू शाळेत इंग्रजी शिकवायचीस ना? माझी तयारी घे. आणि आयेला बोलू नकोस."

मी महाडला शिकवत होते ते मनू व्हायच्या आधी. आता मनू आठ महिन्यांची. ती झोपली की माझी शाळा भरायची. एका हातात पाळण्याची दोरी, दुसऱ्या हातात दिशाचे छापील कागद. मी विमानांना सूचना देणारा खालचा टॉवर, दिशा वरचं विमान. दोघी कुजबुजत, मनू उठू नये म्हणून.

पहिल्या दोन दिवसांत मला काही खोट सापडेना. पोरगी माझ्यापेक्षा बरं बोलत होती. तिसऱ्या दिवशी मनू मध्येच कुरकुरली आणि माझं अर्धं वाक्य माझ्याच तोंडात राहिलं. दिशा लगेच म्हणाली, "रॉजर." रेडिओवर 'सगळं कळलं' म्हणायचा हा शब्द.

"काय रॉजर? मी काय सांगितलं?"

दिशा हातातले कागद चाळू लागली.

"सांग ना."

"नाही कळलं."

"मग विचारायचं होतंस!"

"तू टॉवर आहेस वहिनी. परत कसं विचारायचं?"

तेव्हा मला उमजलं. आमच्या घरात मोठ्या माणसाला 'परत सांगा' म्हणणं म्हणजे उलट बोलणं. माझे सासरे होते तेव्हा त्यांनी शेतावरून काही मागितलं की ही पोर 'हो' म्हणून धावायची आणि अंदाजानं काहीतरी नेऊन द्यायची. कोयता मागितला तर पाण्याची कळशी. तेही बिचारे पाणी पिऊन घ्यायचे. मागच्या खेपेला परीक्षा घेणारा पांढऱ्या केसांचा माणूस होता, भरभर बोलणारा. दिशानं त्याला सात वेळा 'येस सर' म्हटलं होतं. त्यातल्या चारच वेळा कळलं होतं.

"काय गो, रॉजर रॉजर काय चाललंय दोघींचं?" सासूबाई दारात उभ्या. हातात सूप, केसांत भाताचा कोंडा. आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी सगळं सांगितलं.

ठमाबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, चौथीच्या पुढे शिकल्या नाहीत. त्यांनी सूप खाली ठेवलं. "एवढंच ना? मग उद्यापासनं तुळसाशी तू बोल."

आमच्या वाडीसमोर दरी, दरीपलीकडं तुळसाकाकींची वाडी. तिकडं मोबाइलला रेंज नाही, म्हणून अजून हाळी चालते. अंगणाच्या टोकाला उभं राहून ओरडायचं. दोन्हीकडच्या बायका हे काम करतात, आणि मी नवी नवरी असताना मला ते भांडणच वाटलं होतं.

पहिल्याच दिवशी दिशानं घोळ घातला. पलीकडून तुळसाकाकी ओरडल्या. वारा उलटा होता. दिशानं कान दिला, मान हलवली आणि हात तोंडाशी धरून ओरडली, "होऽऽऽ!"

तासाभरानं महिपतकाका, तुळसाकाकींचे यजमान, दरी उतरून, ओहोळ ओलांडून, पुन्हा चढून आमच्या ओट्यावर टेकले. डोक्यावर भाताचं पोतं. घामानं निथळत होते.

"गिरण चालू हाय ना?"

"आमच्या गिरणीचा पट्टा परवाच तुटलाय," सासूबाई म्हणाल्या. "कोण म्हणालं चालू हाय?"

काकांनी दिशाकडं बोट केलं. "तुळसानं विचारलं, यांना भात घेऊन धाडू का, गिरण चालू हाय का. ही म्हणाली हो."

दिशाचा चेहरा उतरला. तिनं धावत पाणी आणलं. काकांनी तांब्या रिकामा केला आणि हसायला लागले. "पोरी, तुझ्या एका होनं माझे गुडघे गेले. मी खाली चालणारा माणूस, म्हणून बसलो तरी. वर विमानात असतो तर कुठं टेकलो असतो?"

"काका, मला ऐकायलाच नाही आलं."

"मग तसं सांगायचं! तुळसा काय खाते तुला?"

सासूबाई उठल्या, टोकाला गेल्या. "आता बघ," म्हणाल्या. पलीकडून काकींचा आवाज आला, तुटक. सासूबाई जरासुद्धा संकोचल्या नाहीत. "ऐकाय नाय आलं! परत सांऽऽग!" पुन्हा आवाज. "अर्धं आलं! शेवटचं सांऽऽग!" मग त्यांनी जे आलं ते जसंच्या तसं परत ओरडून दिलं, "पोतं हितंच ठेवायचं, माणूस सांजच्या आत धाडायचा! बरोबऽऽर?"

"बरोबऽऽर!" दरीतून आलं.

तुळसाकाकी नात्यानं सासूबाईंची मोठी जाऊ. घरात समोर बसल्या तर सासूबाई त्यांच्यापुढे डोक्यावरचा पदर ढळू देत नाहीत.

दिशा माझ्याकडं बघत राहिली. "वहिनी, हेच तर करायला सांगतात आम्हाला. ऐकलेलं परत म्हणून दाखवायचं. मला वाटायचं, समोरच्याला वाटेल हिला येत नाही."

"दरीला काय वाटतं गो?" सासूबाई म्हणाल्या आणि सूप घेऊन गेल्या.

पुढचे दहा दिवस वाडीचा सगळा कारभार दिशाच्या घशातून चालला. कुणाकडं मळणीला माणसं हवीत, कुणाच्या म्हशीला पारडू झालं, सगळं. पहिल्यांदा 'परत सांगा काकी' म्हणताना तिचे कान लाल झाले. चौथ्या दिवशी तिनं काकींना तीनदा विचारलं, आणि काकींनी शिवी घातली नाही, फक्त आवाज वाढवला. दुपारी मनूला मांडीवर घेऊन मी टॉवर व्हायचे. मनू माझे शब्द खायची, दिशा परत मागून घ्यायची. मनूसारखी परीक्षक कुठल्याच देशात नसेल.

परीक्षेला रेंज पक्की हवी, म्हणून आम्ही पहिल्या एसटीनं महाडला गेलो. माझ्या जुन्या शाळेची संगणकाची खोली मुख्याध्यापिका बाईंनी उघडून दिली. आमचे सकाळचे सात, तिकडं दुपारचे अडीच. दिशा आत. सासूबाई आणि मी बाहेर पायरीवर, मनू पदराखाली दूध पीत.

दाराआडून फक्त दिशाचा आवाज येत होता. पहिली पाच मिनिटं ओघ चांगला होता. मग एकदम शांतता. मग, "येस सर."

मी पायरीवरून अर्धी उठले. मनूनं तोंड सोडून माझ्याकडं पाहिलं.

"काय झालं?" सासूबाई.

"हो म्हणाली."

"कळून का न कळून?"

ते मला कसं कळणार! मी कान दाराकडं केला. आणि आतून आवाज आला, आधीपेक्षा बराच मोठा, जवळजवळ दरीपलीकडं पोचेल असा. "करेक्शन, सर. पहिला भाग कळला, दुसरा नाही. से अगेन." हे सगळं इंग्रजीत, ठणठणीत. मग जे कळलं ते तिनं टप्प्याटप्प्यानं परत म्हणून दाखवलं. नंतर आणखी दोनदा विचारलं. एकदा तर तो माणूस हसल्याचं बाहेरही ऐकू आलं.

निकाल चार दिवसांनी आला. आम्ही ओट्यावर पावटे सोलत होतो. दिशानं मोबाइल माझ्यापुढे धरला. उच्चारात चार, बाकी काही चार, काही पाच. संवादात पाच. सगळ्यात कमी चार, म्हणजे चौथी पातळी. मी ओरडले. मनू घाबरून रडली. मग तिला उचलून मीही रडले, उगीच.

"सहातले चार?" सासूबाईंनी विचारलं. "मग दोन कुठं गेले?"

"आये, चार पुरेत! परवाना मिळणार मला!"

सासूबाईंनी हात पदराला पुसले, दिशाच्या तोंडावरून फिरवले आणि कडाकडा बोटं मोडली. मग म्हणाल्या, "आता पहिल्या फेरीला मला बसव."

मी दिशाकडं पाहिलं. आईला ती आजवर कशालाच नाही म्हणाली नव्हती.

"नाय आये. पहिल्या फेरीला नाय. आधी मी एकटी बरीच उडवणार. हात बसला की मग तू."

सासूबाईंनी दोन शेंगा सोलल्या. तिसरी हातात तशीच राहिली.

"बरं," त्या म्हणाल्या. "तवर पासपोर्ट काढून ठेवते. काय काय लागतं गो अनुपमा?"

"आधार कार्ड लागेल. जन्मतारीख काय आहे त्यावर?"

"एक जानेवारी."

"खरी?"

"खरी कुणाला ठाव? कार्ड काढायला आलेल्या पोरानं वाडीतल्या आम्हा सगळ्या बायांना एक जानेवारीलाच जन्माला घातलंय," सासूबाई म्हणाल्या, आणि दिशा पावट्यांच्या ढिगात हसून लोळली.